वाघाला वाघच राहू द्या

अपिचातपोंग वीरसेथाकुल या थाई दिग्दर्शकाचा 'ट्रॉपिकल मॅलडी' येऊन वीस वर्षे उलटली. तरी एखाद्या फिल्म सोसायटीत तो दाखवला, की दिवे लागल्याबरोबर तेच दोन तट पडतात आणि तीच दोन भाषणे होतात. पहिला तट म्हणतो, हा गोऱ्या परीक्षकांसाठी शिजवलेला माल आहे. काही घडत नाही, अर्धा वेळ पडद्यावर अंधार, आणि खुद्द थायलंडात याला कुत्रं विचारत नाही. दुसरा तट या तक्रारीची कीव करतो आणि समजावून सांगतो की वाघ म्हणजे दडपलेली समलिंगी वासना, जंगल म्हणजे अबोध मन. एवढे कळले की सिनेमा उलगडला. पहिल्यांना सिनेमाला कुलूप दिसते आणि दुसऱ्यांच्या खिशात किल्ली असते. माझे म्हणणे असे की इथे कुलूपच नाही. चित्रपटाच्या उत्तरार्धात एक माणूस वाघ होऊन जंगलात फिरतो आहे. ज्या मुलखातली ही गोष्ट आहे, तिथे अशा गोष्टी पिढ्यान् पिढ्या जशाच्या तशा सांगितल्या जातात. लोककथा लोककथा म्हणून ऐकून घ्यायची दोन्ही तटांची तयारी नाही. एकाला ती भंपकपणा वाटते, दुसऱ्याला कोडे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. केंग हा सैनिक आणि तोंग हा बर्फाच्या कारखान्यात काम करणारा खेड्यातला पोरगा. दोघे सिनेमाला जातात, तोंगच्या आजारी कुत्र्याला डॉक्टरकडे नेतात, भटकतात, एकमेकांना चिडवतात. एका रात्री रस्त्यावर दोघे एकमेकांचे हात चाटतात आणि तोंग अंधारात निघून जातो. पुढे केंग तोंगच्या खोलीत बसून फोटो चाळत असतो, तेव्हा बाहेर कोणी बोलत असते की कुठलेसे जनावर गावातली गुरे मारते आहे. मग पडदा काळा होतो, नवे शीर्षक येते आणि दुसरीच गोष्ट सुरू होते: रूप पालटणारा एक मांत्रिक, वाघाच्या रूपात अडकलेला त्याचा आत्मा आणि त्याच्या मागावर जंगलात शिरलेला एकटा सैनिक. नट तेच, संवाद जवळजवळ नाहीत. झाडावरचे माकड सैनिकाला सांगते की वाघ भुकेला आहे, एकटा आहे, आणि तू त्याचे भक्ष्य आहेस तसाच सोबतीही. त्याला मार आणि त्या योनीतून सोडव, नाहीतर त्याच्या तोंडी जा आणि त्याच्या जगात शिर. २००४ साली कान महोत्सवात हा चित्रपट अर्ध्यावर सोडून लोक उठून गेले, आणि क्वेंटिन टॅरँटिनोच्या अध्यक्षतेखालच्या परीक्षकांनी त्यालाच ज्युरी पारितोषिक दिले. भांडणाचा मुहूर्त तेव्हाच लागला.

आधी किल्लीवाल्यांकडे वळतो. ते या सिनेमाचे मित्र आहेत, आणि मित्रांनी केलेले नुकसान सहसा कोणी मोजत नाही. वासना दडपलेली आहे असे म्हणायचे, तर कोणीतरी काहीतरी दडपायला हवे ना? पूर्वार्धात ते शोधून दाखवा. केंग तोंगच्या घरी जेवतो, त्याच्या आईशी गप्पा मारतो. एक बाई दोघांना शेजारी बसवून लोभापायी सोन्याचांदीचे बेडूक झाल्याची गोष्ट रंगवून सांगते. कोणी काठी घेऊन मागे धावत नाही, बापाला झटका येत नाही, नायक आरशासमोर रडत नाही. हे प्रेम इतके उजेडात आणि इतके निवांत चालते की पूर्वार्धच फार गोड झाला, अशी तक्रार करता येईल. मग जे उघड्यावर आहे त्याला वाघाचे सोंग कशाला लागेल? युरोप-अमेरिकेच्या सिनेमात एक काळ असा होता की असे प्रेम पडद्यावर उघड दाखवता येत नसे. तेव्हा दिग्दर्शकांना खाणाखुणांची भाषा लागली आणि समीक्षकांना ती वाचायची सवय. ही सवय समीक्षेच्या पुस्तकांबरोबर आपल्याकडे आली, आणि आता जिथे खूण नाही तिथेही आपण खूण शोधत बसतो.

त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र सिनेमानेच पुरवला आहे, आणि तो टाळून पुढे जाणे लबाडीचे ठरेल. चित्रपटाच्या सुरुवातीला जपानी लेखक नाकाजिमा आत्सुशीचे एक वचन येते. त्याचा आशय असा की आपण सारे मुळात हिंस्र पशू आहोत, आणि माणूस म्हणून आपले काम त्या पशूला आवरण्याचे, त्याला वळण लावण्याचे. झाले! दिग्दर्शकानेच कबुली दिली, आता वाद कसला? वाद आहे. एक तर नाकाजिमाची १९४२ सालची प्रसिद्ध कथा पाहा. गर्विष्ठ कवी वाघ होतो आणि झुडपाआडून जुन्या मित्राशी बोलतो. ही गोष्ट त्याने चीनमधल्या तांग काळातल्या कथेवरून घेतली. तिथला वाघ शिकार करतो, त्याच्या तोंडाला रक्त लागते. त्या कथेला अर्थ आहेच, पण अर्थाला जागा करून देण्यासाठी वाघाला घराबाहेर काढलेले नाही. दुसरे असे की चित्रपट या वचनाने सुरू होतो आणि त्याच्या नेमक्या उलट टोकाला संपतो. शेवटी सैनिक गुडघ्यांवर आहे, झाडावरून वाघ त्याच्याकडे बघतो आहे, आणि सैनिक आपला आत्मा, आपले मांस, आपल्या आठवणी त्याला देऊ करतो. पशूला आवरा हा उपदेश पहिल्या मिनिटाला मांडला जातो आणि अखेरच्या दृश्यात मोडला जातो. शास्त्रचर्चेत खोडून काढण्यासाठी पूर्वपक्ष मांडतात. त्यालाच सिद्धान्त समजून टिपून घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काय म्हणतो?

थायलंडमध्ये या वाघाला 'समिंग' म्हणतात. त्याच्याविषयी दोन समजुती आहेत. जादू अवगत केलेला माणूस वाघ होतो आणि त्याच रूपात अडकतो, ही एक. पुष्कळ माणसे खाल्लेल्या वाघात त्या माणसांचे आत्मे वस्तीला येतात, ही दुसरी. रात्री मचाणावर बसलेल्या शिकाऱ्याकडे समिंग त्याच्या बायकोचे रूप घेऊन येतो, तिच्याच आवाजात त्याला खाली बोलावतो, आणि जो उतरतो तो परत घरी जात नाही. मालाई चूपिनित या लेखकाने नोई इंथनोन या टोपणनावाने जंगलाच्या गोष्टी लिहिल्या आणि असा रानवा थायलंडच्या छापील साहित्यातही रुजवला. या गोष्टीचा गाभा बघा. समिंगचे हत्यार नखे नाहीत, दात नाहीत. ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याचा आवाज, हे त्याचे हत्यार. म्हणजे प्रणय आणि जंगलातली लोककथा यांची मोट दिग्दर्शकाने कुठल्या महोत्सवाकडे डोळा ठेवून बांधलेली नाही. ती गोष्टीतच होती. त्याने केले ते इतकेच: हाक मारणारी बायको नसून तोंग आहे, आणि मचाणावरचा माणूस हाक ओळखूनही खाली उतरतो.

आपण मराठी माणसांनी तरी या बाबतीत इतके गोंधळून जायला नको होते. पालघर-ठाण्याच्या वारली पाड्यांत बिबट्याने शेळी नेली तर वनखात्याकडे भरपाई मागतात आणि वाघबारशीला वाघोबाची पूजाही करतात. जनावर आणि देव यांतले खरे कोणते, असा प्रश्न तिथे कोणाला पडत नाही. पाड्यावर कशाला जायचे, आपल्या सिनेमाचेच घ्या. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला, मुंबईत सत्तावन्न आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. त्यात तुकाराम गरुडाच्या विमानातून वैकुंठाला जातो आणि जिजाई मागे राहते. विमान हे कशाचे रूपक, असे त्या प्रेक्षकांनी विचारले असेल का? ते विमान होते. ते विमान होते म्हणूनच जिजाईचे मागे राहणे काळजाला लागले. चमत्काराला रूपक करून टाकले की पहिली सुटका प्रेक्षकाची होते. त्याला काही मानावे लागत नाही, फक्त समजून घ्यावे लागते.

आता एक आक्षेप असा आहे की जो या दोन्ही तटांकडून येत नाही, आणि मला तो सगळ्यांत गंभीर वाटतो. दोन पुरुषांचे प्रेम दाखवायचे आणि त्याचा शेवट पशुत्वात, खाण्यात, मरणात करायचा, हे काय आहे? समलिंगी माणसांना जगभरच्या सिनेमाने इतकी वर्षे एक तर मारले किंवा राक्षस केले. इथेही तेच होत नाही का? वाघ खरा आहे, प्रतीक नाही, असे मी म्हणतो तेव्हा हा आक्षेप बोथट होत नाही, उलट त्याला धार चढते. म्हणून उत्तर थायलंडातच शोधावे लागते, आणि ते बँकॉकमधल्या वाट महाबुत या विहारात सापडते. तिथे मे नाकचे ठाणे आहे. तिची कथा थायलंडात पोरापोराला माहीत असते. नवरा माक लढाईवर जातो, गरोदर नाक बाळंतपणात मरते, तो परत येतो तेव्हा ती तान्ह्या मुलासह त्याची वाट बघत असते, आणि तो भुताबरोबर संसार करू लागतो. लोक आजही तिच्यापाशी नवस बोलतात. सक्तीच्या सैन्यभरतीतून सुटावे म्हणूनही बोलतात, कारण तिचा नवरा सैन्यानेच नेला होता. या कथेवर किती चित्रपट झाले याची गणती अवघड आहे. आता ओळीने मांडून बघा: सैनिक, त्याचे माणूस, ते माणूस मरणापलीकडून भुकेने आणि एकाकीपणाने हाक मारते, आणि जिवंत सैनिकापुढे निवड उभी राहते. 'ट्रॉपिकल मॅलडी'चा सांगाडा हाच नाही का? नाक तर लग्नाची बायको आहे, पतिव्रता आहे. तिला भूत केले म्हणून तिचे प्रेम विकृत ठरले, असे कोणी म्हणत नाही. या परंपरेत भूत होणे ही शिक्षा नाही, ती प्रेमाची मुदतवाढ आहे. तोंगला नाकच्या रांगेत बसवणे म्हणजे त्याला राक्षस करणे नव्हे. देशातल्या सर्वांत लाडक्या प्रेमकथेत त्याला हक्काने जागा देणे होय.

फरक आहे तो एका पात्राचा, आणि खरा वाद तिथे व्हायला हवा होता. १९९९ साली गाजलेल्या 'नांग नाक'मध्ये शेवटी एक थोर बौद्ध भिक्षू येतो, तिला शांत करतो, तिच्या कपाळाचे हाड काढून घेतो आणि मेलेल्यांची जागा व जिवंतांची जागा पुन्हा वेगळी होते. 'ट्रॉपिकल मॅलडी'त भिक्षू येत नाही. जंगलात सैनिकाच्या मदतीला ना धर्म येत ना सरकार. त्याच्या हातातला वायरलेस खरखरतो आणि निरुपयोगी ठरतो. पहिल्याच दृश्यात हेच गणवेशातले लोक रानात सापडलेल्या प्रेताबरोबर हसत फोटो काढून घेत होते, हे इथे आठवायला हवे. ज्यांचे काम जंगल ताब्यात ठेवण्याचे, त्यांच्यातला एक जण जंगलाला शरण जातो. यावर हरकत घ्यायला भरपूर वाव आहे. स्वतःला खाऊ देणे हे प्रेमाचे सर्वोच्च रूप, हा विचार मलाही पूर्ण पचत नाही; वास्तवातल्या नात्यांत त्याचे परिणाम किती वाईट होतात हे सांगायला नको. पण ही हरकत घ्यायची तर वाघाने खरोखर खायला हवे. तो निव्वळ प्रतीक असेल तर कोणालाच काही होत नाही, आणि मग भांडायचे कशावर?

कंटाळ्याच्या आरोपाचे काय करायचे? थोडा मान्य करायचा. चित्रपट संथ आहे. उत्तरार्धात काही जागा अशा आहेत की अंधारात पान हलले की माणूस, हे कळत नाही, आणि प्रत्येक वेळी त्यातून काही हाती लागतेच असेही नाही. मात्र तो फोनवर किंवा दिवाणखान्यात दिवे चालू ठेवून पाहिलेल्यांनी अंधाराची तक्रार करू नये. रानातल्या रात्रीचे किडे आणि काळोख हीच उत्तरार्धाची सामग्री आहे, आणि ती चित्रपटगृहाच्या काळोखासाठी बनवली आहे. मध्येच गोष्ट तोडून दुसरी सुरू केली, या तक्रारीत मात्र मला काही दम दिसत नाही. तमाशात गवळण संपते आणि वग सुरू होतो. मघाचा पेंद्या आता हवालदार झालेला असतो. दोन्हींचा संबंध काय, असे विचारत कोणी तंबूतून उठल्याचे ऐकिवात नाही.

राहिला निर्यातीचा आरोप. इथेही पहिल्या तटाचे जे खरे आहे ते त्यांना द्यावे. या चित्रपटात फ्रान्स, जर्मनी आणि इटलीचा पैसा होता. दिग्दर्शक शिकागोच्या कलाशाळेत शिकलेला. मायदेशात त्याला प्रेक्षक थोडे, हेही खरे. थायलंडच्या सांस्कृतिक मंत्रालयातल्या एका अधिकारी बाईंनी तर २००७ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाला सांगितले होते की याचे सिनेमे कोणी बघत नाही, थाई लोकांना विनोदी सिनेमा हवा असतो. पण 'परदेशी मान, देशी अपमान' ही तक्रार किती जुनी आहे! कुरोसावाच्या 'राशोमोन' या जपानी चित्रपटाला १९५१ मध्ये व्हेनिसचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा जपानमध्येच काही समीक्षक म्हणाले की गोऱ्यांना पौर्वात्य नवलाईचे आकर्षण, म्हणून दिले. ज्या स्टुडिओने तो काढला त्याच्या प्रमुखालाही तो समजला नव्हता. आपल्याकडे नर्गिसबाईंनी राज्यसभेची खासदार असताना सत्यजित राय देशाचे दारिद्र्य परदेशात विकतात, असा ठपका ठेवला. आज त्या आरोपातले काय उरले? आणि दारिद्र्य निदान विकले जाते असे म्हणता येईल. इथे विकायला आहे काय? बर्फाचा कारखाना, आजारी कुत्रे आणि गुरांच्या मृत्यूची गावगप्प? अपिचातपोंग थायलंडच्या ईशान्येला, इसान भागात, खोन केन या शहरात वाढला. आईबाप दोघेही डॉक्टर. बँकॉकवाले इसानच्या माणसाला अडाणी म्हणून हसतात. महोत्सवात चालणारा माल असा असतो, हे त्याला आधी कोणी सांगितले होते?

विनोदाचे म्हणाल, तर त्या अधिकारी बाईंना सहा वर्षांत उत्तर मिळाले. २०१३ मध्ये मे नाकच्याच कथेवर 'पी माक' हा विनोदी चित्रपट आला आणि त्याने कमाईचे तोवरचे सगळे थाई विक्रम मोडले. त्यात माकला आपली बायको भूत असल्याचे कळलेले असते, तरी तो तिला सोडत नाही, आणि प्रेक्षक हसत, डोळे पुसत ते मान्य करतात. भिक्षूने येऊन सगळे ठाकठीक करण्याची गरज तिथेही उरत नाही. म्हणजे पलीकडच्या जगात पाऊल टाकणारा सैनिक थाई प्रेक्षकाला चालतो. नऊ वर्षांपूर्वी तो त्याच्यापुढे फार शांतपणे आला होता, इतकेच. दोन पुरुषांच्या प्रेमाचेही तसेच. थाई 'बीएल' मालिका, म्हणजे 'बॉइज लव्ह', दोन तरुणांच्या प्रेमाच्या मालिका, आज आपल्या कॉलेजातल्या पोरीसुद्धा रात्र जागून बघतात, आणि २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडात समलिंगी विवाह कायदेशीर आहे. त्या मालिकांतली पोरे गोरीगोमटी, शहरातली, युनिव्हर्सिटीतली. 'ट्रॉपिकल मॅलडी' हा त्यांचा पूर्वज असे हल्ली कौतुकाने म्हणतात, ते मला फारसे पटत नाही. बर्फ कापणारा तोंग त्या घराण्यात परका दिसतो.

अपिचातपोंग लोकांपासून दूर गेला, असे म्हणणाऱ्यांनी एक घटनाक्रम मात्र जरूर तपासावा. २००७ मध्ये त्याच्या 'सिंड्रोम्स अँड अ सेंच्युरी' या चित्रपटातली चार दृश्ये कापा, असे सेन्सॉर मंडळाने फर्मावले. गिटार वाजवणारा भिक्षू, खेळण्याशी खेळणारे भिक्षू, इस्पितळात दारू घेणारे डॉक्टर आणि प्रेयसीचे चुंबन घेणारा डॉक्टर. 'नांग नाक'मध्ये भुताला आवरणाऱ्या भिक्षूवर कोणाची हरकत नव्हती. गिटार वाजवणारा मात्र चालेना. मंडळाची सत्ता १९३० सालच्या कायद्यावर उभी होती. अपिचातपोंगने चित्रपट मागे घेतला, इतर सिनेमावाल्यांबरोबर त्या कायद्याविरुद्ध आवाज उठवला आणि २००८ मध्ये तो दाखवला तेव्हा कापलेल्या जागी काळी, मुकी फिल्म चालवली, म्हणजे किती गेले ते प्रेक्षकाला बसल्या जागी मोजता यावे. नवा कायदा आला, पण बंदीचा अधिकार त्यातही राहिला. २०१४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. पुढच्या वर्षीचा 'सेमेटरी ऑफ स्प्लेंडर' त्याने थायलंडात प्रदर्शितच केला नाही, आणि २०२१ चा 'मेमोरिया' थेट कोलंबियात जाऊन केला. 'हा आमच्यासाठी सिनेमा करत नाही' ही तक्रार ज्यांना करायचीच आहे, त्यांनी ती घेऊन आधी त्या मंडळाच्या दारात उभे राहावे.